हलगीची जागा

पेटत्या कागदांवर हलगी तापवल्याचा वास आला की शिवाजी पेठेतला माझा हलगीवाला मित्र आठवतो. रॉकमध्ये जाझ, लोकगीतं, काहीही कालवणाऱ्या एका जपानी बँडचं आम्हा दोघांना वेड होतं. तो बँड फुटल्याची बातमी आली, त्या दुपारी यानं कुस्तीच्या तालमीच्या पायरीवर हलगी तापवली, मोबाइलवर लावलेल्या त्यांच्या गाण्याला कडकडून साथ धरली आणि माझं रडवेलं तोंड बघून खेकसला, “भांडल्यात नुसते, मेल्यात व्हय? येत्यात की परत!” पुढच्या उन्हाळ्यात गारगोटीच्या रस्त्यावर अपघातात तोच गेला. परवा ते जपानी खरंच पुन्हा एकत्र आले. नव्या गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात. बरोबर तिथं तो हलगी घेऊन घुसला असता. मी गाणं तिथंच बंद करतो.