प्लेटमधला तासकाटा

घड्याळजींचं दुकान बंद पडलं ते त्यांच्या हातात काही खोट होती म्हणून नव्हे, तर लोक फोनमध्येच वेळ बघायला लागले म्हणून. दोन महिने ते घरी बसले आणि कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये किती सेकंद जातात ते मोजू लागले. तिसरा महिना लागताच बायकोने सांगून टाकलं, "एक तर तुम्ही घराबाहेर पडा, नाही तर मी पडते."

मग त्यांनी दुकानातलं सामान विकायला काढलं. एक तिशीची मुलगी बारीक चिमटे घ्यायला आली. ती शेफ होती, शेजारच्या गल्लीत तिचं नवं हॉटेल होतं आणि चिमट्यांनी ती पदार्थांवर पाकळ्या रचायची. चिमटा कसा धरावा हे घड्याळजींनी दाखवलं, आणि तिने चिमट्यांबरोबर त्यांनाही उचललं.

हॉटेल कसलं, सगळं अजबच. भोपळ्याचा गरम लगदा, त्यात मिसो ही आंबवलेल्या सोयाबीनची जपानी चटणी, वर हिंग-मोहरीची चुरचुरीत फोडणी, कडेला किन्वा हे दक्षिण अमेरिकेतलं धान्य, आणि हे सगळं मिळून वाटीभरसुद्धा नाही. अर्धं जग पालथं घालून माणूस उपाशीच उठायचा. तरी लोक पंधरा दिवस आधी टेबल राखून ठेवत. घड्याळजी भिंग डोळ्याला लावून प्लेटी सजवत आणि वाढण्यासाठी कट्ट्यावर ठेवत. इतकं सुख त्यांना दुकानातही मिळालं नव्हतं.

पण जेवण गार जातं अशा तक्रारी येऊ लागल्या. वाढप्यांचा प्रमुख, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, त्याने खापर सरळ घड्याळजींवर फोडलं. हे काका एकेक पान तासभर लावत बसतात, म्हणाला. खरं म्हणजे प्लेट कट्ट्यावर निवत असायची तेव्हा कॅप्टन दारापाशी श्रीमंत गिऱ्हाइकांशी दात काढत उभा असायचा. पण बोलण्यात तो लोण्यासारखा, आणि घड्याळजींचं तोंड चिमट्यासारखं मिटलेलं. शेफने त्यांना आठवड्याची मुदत दिली. भरभर हात उचला, नाही तर दुसरा माणूस बघते.

पुन्हा घरी बसून शिट्ट्या मोजायच्या? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक चावटपणा सुरू केला. प्लेटीच्या वरच्या कडेला काळ्या तिळाचा एक दाणा, ते बारा. मधोमध विलायती कांद्याच्या पातीच्या दोन काड्या, एक आखूड, एक लांब. प्लेट कट्ट्यावर ठेवली ती वेळ त्यावर बरोबर दाखवलेली. शेफला वाटलं, सजावट आहे. छान आहे म्हणाली.

कॅप्टनला हे एका चौकस म्हाताऱ्या गिऱ्हाइकामुळे कळलं. त्याने काही वाच्यता केली नाही. घड्याळजींच्या हत्याराने घड्याळजींनाच कापायचं, एवढं मात्र ठरवलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी भर दुपारी एक प्लेट गार म्हणून परत आली. भोपळ्याला गिऱ्हाइकाने जेमतेम चमचा लावलेला. कॅप्टन ती मिरवत थेट शेफपुढे घेऊन गेला. काड्यांची गंमत त्याने तिला समजावून दिली आणि म्हणाला, "हे बघा मॅडम, मिनिटकाटा सहावर. दीड वाजता सजली, मी तिथल्या तिथे उचलली. आता एक बत्तीस. म्हणजे काकांच्या हातातच गार झाली की नाही?"

चोराच्या उलट्या बोंबा. शेफने घड्याळजींकडे पाहिलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि प्लेटीवर वाकले.

"तासकाटा बघा," ते म्हणाले. "दीड वाजता तो एक आणि दोनच्या मधोमध हवा. हा अजून एकालाच चिकटलाय. एक दहाला मी ठेवलेला. कुणीतरी नुसता मिनिटकाटा ढकलला."

लांब काडीखाली, दोनाच्या जागेपासून सहापर्यंत, भोपळ्यात बोटाचा ओरखडा उमटला होता.

"काका, प्लेटी कट्ट्यावर पडून राहतात हे मला सरळ का नाही सांगितलंत?" शेफने विचारलं.

"तो बोलतो छान. तुम्ही त्याचंच ऐकलं असतं."

तिच्या प्लेटींशी आठवडाभर खेळ मांडला म्हणून आपलीही गच्छंती होणार, असं धरून घड्याळजी चिमटे गुंडाळू लागले. शेफने ते त्यांच्या हातातून काढून घेतले आणि पुन्हा कट्ट्यावर मांडले. कॅप्टनलाही तिने काढलं नाही, त्याहून वाईट केलं. यापुढे प्रत्येक टेबलावर त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, या काड्या म्हणजे तुमचा पदार्थ तयार झाल्याची वेळ, आपल्या घड्याळाशी ताडून बघा.

सोमवारी पहिली प्लेट निघाली. दारापाशी कुणीतरी हाक मारली, पण कॅप्टन थांबला नाही. तो धापा टाकत टेबलाशी पोचला, काड्यांकडे बोट केलं आणि म्हणाला, "एक वाजून सतरा."

समोरच्या बाईंनी पर्समधून फोन काढला, चष्मा लावला, पाहिलं.

"अठरा," त्या म्हणाल्या.