बाकी नेहमीचं

सोनोग्राफी विभागात खिडकीशेजारच्या टेबलावर बसणाऱ्या टायपिस्टबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळं इस्पितळ त्यांना कॉमाबाई म्हणायचं. एकदा म्हणे एका रिपोर्टवर डॉक्टरांची सही झाली, शिक्का बसला, पाकीटसुद्धा चिकटवून झालं, आणि मग बाईंना आठवलं की तिसऱ्या ओळीत कॉमा राहिलाय. त्यांनी पाकीट फोडलं, कागद नव्यानं काढला आणि डॉक्टरांना जेवणाच्या डब्यावरून उठवून पुन्हा सही घेतली. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईंना त्याचा राग नव्हता. लोक याहून वाईट नावं ठेवतात, एवढं सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कळून चुकलं होतं.

काम तसं सरळ. आतल्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टर पेशंटच्या पोटावरून यंत्र फिरवत आणि काय दिसतंय ते रेकॉर्डरमध्ये बोलत. बाहेर बाई कानाला हेडफोन लावून ते ऐकत आणि टाईप करत. पायाखाली पेडल होतं. दाबलं की डॉक्टर बोलायला लागायचे, पाय उचलला की गप्प. डॉक्टरांना असं गप्प करू शकणारी इस्पितळात मी एकटीच, असं बाई म्हणायच्या. डॉक्टर माणूस भला, पण सदा घाईत. बोलण्याचा क्रम ठरलेला: आधी यकृत, मग पित्ताशय, स्वादुपिंड, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडं. बहुतेकांचं पोट ठीकच असतं, म्हणून डॉक्टर एखाद-दुसरी ओळ सांगून "बाकी नेहमीचं" म्हणत आणि मोकळे होत. त्या "नेहमीचं"च्या मात्र कागदावर सात ओळी व्हायच्या, आणि त्या बाईंना अक्षर न् अक्षर बडवाव्या लागायच्या. बडवता बडवता त्या वाचायच्याही. वर डावं आणि खाली उजवं असं डॉक्टरांकडून दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा बाईंनी दार ढकलून विचारलं होतं, "डॉक्टर, खडा नक्की कुठल्या बाजूला? एकदाच काय ते ठरवा."

मग उजव्या हाताचा अंगठा रुसला. वाकवला की अडकायचा, आणि डाव्या हातानं धरून सरळ करावा लागायचा. सरळ होताना कट्ट आवाज यायचा. आता अंगठ्याचं काम ते किती, तर स्पेसबार दाबायचं. पण दोन शब्दांत मोकळी जागा सोडायचीच नाही म्हटलं तर रिपोर्ट कसा वाचणार कुणी? बाईंचे दिवसाचे चाळीस रिपोर्ट होते ते तीसवर आले, मग बावीसवर.

नेमका त्याच सुमाराला कार्यालयाच्या अधीक्षकांनी भिंतीवर कागद लावला: प्रत्येक टेबलावरून दिवसाला साठ रिपोर्ट. अधीक्षकांना सगळे आकडेसाहेब म्हणत. माणसाशी बोलतानाही ते त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे, म्हणजे तिथल्या तक्त्याकडे बघत. ज्याचे साठ होणार नाहीत त्याची महिन्याअखेर तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बदली. तिथं काम म्हणजे फायलींचे गठ्ठे चढवायचे आणि उतरवायचे. ज्या अंगठ्याला स्पेसबार झेपत नाही त्याला गठ्ठे कुठून झेपायला? ही बदली म्हणजे घरी बसणंच होतं, आणि निवृत्तीला अजून तीन वर्षं बाकी होती. ते टेबल, ती खिडकी, ते पेडल यांच्याशिवाय आपण कोण, हे बाईंना सांगता आलं नसतं. त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या.

घरात बाई आणि त्यांची भाची, दोघीच. भाची लग्नांचे व्हिडिओ कापून जोडायचं काम करी. सकाळी मावशीचा चेहरा बघून तिनं सगळं वदवून घेतलं आणि आपल्या टेबलावरची तळहाताएवढी एक डबी पुढ्यात ठेवली. तिच्यावर बारा बटणं.

"हा मॅक्रो कीपॅड," ती म्हणाली. "यातल्या एकेका बटणाला एकेक काम शिकवायचं. तू एकदा दाबायचंस, मग तुझ्या वतीनं शंभर बटणं तोच दाबतो. तुझ्या त्या सात ओळी सांग बरं."

बाईंनी घडाघडा म्हणून दाखवल्या. भाचीनं त्या पहिल्या बटणात घातल्या आणि बटण दाबलं. पापणी लवायच्या आत सात ओळी पडद्यावर हजर. बाईंनी तोंडात बोटं घातली, आणि मग खरं सांगायचं तर त्यांना थोडं वाईटही वाटलं. सव्वीस वर्षं जे केलं ते एवढंसंच होतं होय?

"इश्श, एवढ्यात झालंसुद्धा," असं काहीतरी त्या बोलल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

बटणं ओळखू यावीत म्हणून त्यांनी भाचीच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले. लाल ठिपका म्हणजे सगळं नेहमीचं. गुलाबी म्हणजे पेशंटच्या माहितीचा मथळा. जांभळा म्हणजे खाली डॉक्टरांचं नाव आणि पदवी. सोमवारी पन्नास रिपोर्ट झाले, गुरुवारी त्रेसष्ट. आकडेसाहेबांनी तक्त्यावरून नजर काढून पहिल्यांदा बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या दोघी डबी बघायला येऊन गेल्या. अंगठ्याला आराम पडला, बाईंना भूकही लागायला लागली.

आणि इथंच घात झाला. डॉक्टर "यकृत ठीक" म्हणाले की पुढचं काय येणार हे बाईंना पाठच होतं. आधी त्या शेवटपर्यंत ऐकून मग लाल ठिपका दाबायच्या. मग अर्धं ऐकून. दुसऱ्या आठवड्यात "यकृत ठीक" एवढं कानावर पडलं की बोट आपोआप लाल ठिपक्यावर जायचं आणि पाय पेडलवरून उठायचा. डॉक्टर पुढे बोलत असतील तर बोलोत बिचारे.

दुसऱ्या शनिवारी एक म्हातारे शिंपीकाका टेबलाशी येऊन उभे राहिले. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती. हातात रिपोर्ट.

"बाई, एक विचारू? यात लिहिलंय, पित्ताशय आकाराने व रचनेने सामान्य."

"हो. मग चांगलंच आहे की, काका."

"चांगलं आहे, पण ते सहा वर्षांपूर्वी काढून टाकलंय. याच इस्पितळात. मी जन्मभर कापड कापलं, कापलेला तुकडा परत उगवल्याचं काही पाहिलं नाही."

शेजारच्या दोघी हसल्या. काका हसले नाहीत. टेपचं टोक बोटाला गुंडाळत ते हळू आवाजात म्हणाले, "माझी धास्ती यकृताची आहे हो. तेही ठीक लिहिलंय. पण जे नाहीच तेसुद्धा ठीक लिहिलं असेल, तर मी यकृतावर विश्वास कसा ठेवू?"

बाईंनी हेडफोन कानाला लावला. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टर स्वच्छ सांगत होते: यकृत ठीक, पित्ताशय शस्त्रक्रियेनं काढलेलं, बाकी नेहमीचं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या काकांना हाताला धरून आत घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. यकृत खरोखरच ठणठणीत होतं. काकांचा जीव भांड्यात पडला.

"टायपिंगची चूक झाली, काका," डॉक्टर म्हणाले. मग बाईंकडे वळून, "होतं असं, बाई. विसरून जा."

विसरणारी बाई असती तर पाकीट फोडलं असतं का तिनं? रविवारी सकाळी रखवालदाराकडून किल्ली घेऊन त्या रिकाम्या विभागात जाऊन बसल्या. कीपॅड आल्यापासूनचे पाचशेच्या वर रिपोर्ट होते. एकेक रेकॉर्डिंग लावायचं, शेवटपर्यंत ऐकायचं, रिपोर्टशी ताडून बघायचं. दुपारी भाची डबा घेऊन आली आणि तिथंच बसली. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा एका शाळेच्या बाईंचा रिपोर्ट निघाला. वय एक्केचाळीस, तक्रार कंबरदुखीची. रिपोर्टमध्ये दोन्ही मूत्रपिंडं सामान्य. कानात डॉक्टर सांगत होते: डाव्या मूत्रपिंडात आठ मिलिमीटरचा खडा.

बाईंनी हेडफोन काढून ठेवला. रिपोर्टवर फोन नंबर होता. त्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, दुखतंय अजून, पण रिपोर्ट चांगला आलाय म्हणून मीच मनाला समजावते. बाईंनी तिला चूक आमची आहे म्हणून सांगितलं आणि सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या रडल्या.

भाचीनं तो रिपोर्ट आपल्याकडे ओढून वाचला. मग म्हणाली, "हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, मावशी. डॉक्टरांना गुपचूप सांग, ते नवा रिपोर्ट देतील. साहेबांना कळलं तर तळघर नक्की."

"कळू दे. उद्या मीच सांगणार आहे." बाईंनी डबी तिच्यापुढे सरकवली. "आधी हा लाल ठिपका मोड. सात ओळी एकदम नकोत. एकेका अवयवाला एकेक बटण दे, आणि ते ऐकल्याशिवाय मी दाबणार नाही. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ येऊ दे, मोठ्या अक्षरात: वाचून पाहिलं का? ती हातानं खोडल्याशिवाय रिपोर्ट पुढे गेला, तर समजायचं, बाईनं वाचला नाही."

"लोक वेग वाढवायला हे घेतात. तू पहिलीच असशील यात ब्रेक बसवून घेणारी," भाची म्हणाली, पण बसवून दिला. "पित्ताशय काढलेलं, यालाही एक बटण करू या का?"

"नको. ते मी माझ्या हातानंच लिहीन."

सोमवारी शाळेच्या बाईंची तपासणी झाली, औषधोपचार सुरू झाले, आणि मग बाई आकडेसाहेबांच्या खोलीत चुकलेले निघाले ते दोन्ही रिपोर्ट घेऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरही आले होते. बाईंनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. मग नव्या बटणांचं आणि त्या शेवटच्या ओळीचंही सांगितलं.

"ते खेळणं आजच्या आज टेबलावरून उचला," साहेब तक्त्याकडे बघत म्हणाले.

"उचलते. पण मग माझे बावीस होतील, साहेब."

"मग तुमचं तुम्हाला माहीत आहे."

बाईंनी मान हलवली. अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला होता, तो तसाच घेऊन त्या दाराकडे वळल्या.

"थांबा बाई," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले. "यावर सही कुणाची आहे, साहेब? मी दिवसाला दीडशे सह्या करतो. एकही रिपोर्ट वाचत नाही. बाईंनी वाचलेला असतो, म्हणून. सव्वीस वर्षं आपण वाचायचं काम यांच्यावर टाकलं, आणि दोन आठवड्यांपूर्वी यांना सांगितलं की वाचू नका, नुसते साठ करा." मग ते बाईंकडे वळले. "ती शेवटची ओळ तुम्ही खोडू नका. तुम्ही तुमचं वाचा आणि ओळ तशीच माझ्याकडे येऊ द्या. ती मी खोडणार."

साहेबांनी डबीला एक आठवडा दिला. आठवडाभर डॉक्टर प्रत्येक रिपोर्ट वाचत बसले, आणि त्यांच्याकडून सगळ्या टेबलांचे मिळून जेवढे निघाले त्यांची वाटणी केली, तर एकेका टेबलाच्या वाट्याला दिवसाला चाळीससुद्धा येईनात. साठ करून पाठवले तरी वाचणार कोण? आकडेसाहेब आकड्यांशी मात्र प्रामाणिक होते. त्यांनी शुक्रवारी स्वतःच्या हातानं भिंतीवरचा कागद काढला. बाईंचे त्या दिवशी अडतीस झाले होते.

सहा महिन्यांनी शिंपीकाका पुन्हा तपासणीला आले. बाईंनी यकृताचं बटण दाबलं, मग डबीवरून हात काढून घेतला आणि पित्ताशयाची ओळ अक्षर-अक्षर टाईप केली. मधेच अंगठा अडकला. तो सोडवला आणि उरलेली ओळ पुरी केली. रिपोर्ट आत गेला आणि थोड्या वेळानं सहीनिशी बाहेर आला. काकांनी चष्मा लावून तो तिथंच उभ्यानं वाचायला घेतला.

"बाई, खाली लिहिलंय, वाचून पाहिलं का? हे मला विचारलंय का?"

बाईंनी रिपोर्ट त्यांच्या हातातून काढून घेतला आणि दार ढकललं. डॉक्टर डबा उघडून नुकते जेवायला बसले होते. त्यांनी बाईंच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, शेवटच्या ओळीकडे पाहिलं, आणि डब्याला झाकण लावलं. मग हात धुऊन आले, काकांना आत बोलावून समोरच्या खुर्चीत बसवलं आणि पहिल्या ओळीपासून सगळा रिपोर्ट मोठ्यानं वाचून दाखवला.