कर्ण सारखे, खोली निमुळती

वाशीच्या एका शाळेत नववीला भूमिती शिकवायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि डोकं पार हवेत होतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात. बोनकोड्यात आमच्या घरामागे भावाच्या लग्नासाठी नवी खोली बांधायची होती. गवंड्याने काटकोन बघायला गुण्या काढला, तर मिठागरात जन्म घालवलेल्या बाबांनी त्याला अडवलं. "गुन्या ऱ्हाऊ दे. माजी पोर मास्तरीन हाय, ती मापंल."

मापलं की! चार खुंट्या ठोकल्या, सुतळी या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ताणली, मग दुसरीकडून. दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत मागच्या खुंट्या सरकवल्या. "आयताचे कर्ण सारखे असतात," जमलेल्या चुलत्यांना मी तोऱ्यात ऐकवलं. बाबा तेव्हा माझ्याकडे ज्या कौतुकाने बघत होते, ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आयताचे कर्ण सारखे, हे खरंच. पण कर्ण सारखे म्हणून तो आयतच, असं थोडंच आहे? समलंब चौकोनाचेही सारखे असू शकतात. पुढची बाजू आणि मागची बाजू सारखी आहे का, हे मी पाहिलंच नाही. पोरांनी पेपरात हीच चूक केली की मी लाल शाईने पान रंगवायचे. भिंती चढल्या तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. लाद्या बसल्या आणि पितळ उघडं पडलं. दोन्ही भिंतींकडच्या लाद्या दारापाशी पुऱ्या, मधे अर्ध्या आणि मागच्या कोपऱ्यात पाचरीएवढ्या.

वास्तुपूजेला सगळी भावकी आली. आत्याने खाली बघत विचारलं, "ह्ये कुनाचं काम?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "माजं. पोरीचं माप बरोबर होतं, माजा पाय लागून खुटी हलली."

"मिठागराचे बांध घालनारा तू, तुला खोली काय जमनार!" एक चुलता म्हणाला आणि सगळे खो-खो हसले. बाबाही हसले. त्यांच्या बांधाला उभ्या गावात कधी कुणी नाव ठेवलं नव्हतं. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"खुटी नाय हलली," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "चूक माजी हाय. मी बाजू मापल्याच नाय."

तशी आत्याने माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"बघा, कशी गुनाची पोर. बापाची चूक आपले अंगावर घेते."

आणि बाबांनी समाधानाने मान डोलावली.