चेनमावशीच्या दुकानासमोरचा पुतळा

चेनमावशीच्या दुकानासमोर तिच्या आईचा पुतळा उभा राहिला, तेव्हा आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि चेनमावशीचा तिच्यावरचा राग काही अजून गेला नव्हता.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत शिवणयंत्र, एक स्टूल आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या बॅगा. कुणाची चेन अडकलेली, कुणाचा पट्टा उसवलेला, कुणाच्या सुटकेसचं चाक निखळलेलं. चेनवर हात चालायचा म्हणून तिला सगळे चेनमावशी म्हणायचे. "चेन आपोआप बिघडत नाही हो," ती गिऱ्हाइकाला सुनवायची, "तुम्ही बॅगेत घर कोंबता." गिऱ्हाइकं ऐकून घ्यायची, कारण तिच्या हातची शिवण पुन्हा उसवत नसे. हे काम ती वडिलांकडून शिकली. वडील ताडपत्र्या शिवायचे, घरीच. स्वयंपाकही तेच करायचे, वेणीही तेच घालायचे. आई घरात असली तर झोपलेली असायची, नाहीतर घरात नसायची.

आई सुईण होती. आधी घरोघर जायची, मग कोपऱ्यावरचं प्रसूतिगृह सुरू झालं तेव्हा तिथे लागली. बुटकी, रुंद, खांद्यांनी भरलेली बाई. आवाज असा, की वेणा देणारी बाई कळ विसरून दचकायची. "ओरडतेस कशाला? तो जोर खाली लाव!" हे तिचं ठरलेलं वाक्य. तिला सगळा भाग नुसता 'बाई' म्हणायचा. लोक तिला टरकून असायचे आणि दिवस भरले की आधी तिलाच सांगावा धाडायचे.

चेनमावशीच्या रागाला एक तारीखही होती, तिच्या स्वतःच्या बाळंतपणाची. लेकीचं बाळंतपण आई करणार हे ठरलेलं होतं, त्यात बोलण्यासारखं काय? पण ऐन वेळी आई पलीकडच्या खोलीत दुसऱ्याच बाईपाशी अडकली. चेनमावशीची सुटका एका नवख्या नर्सने केली. सकाळी आई आली, बाळाला उलटंपालटं करून, बाजारात फळ पारखावं तसं पाहिलं, म्हणाली, "ठीक आहे," आणि घरी जाऊन झोपली. त्यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. आई तशी बोलणारी नव्हतीच, आणि लेक तिच्यावरच गेली होती.

पुढे प्रसूतिगृह बंद पडलं, तिथे कुठलंसं कार्यालय आलं. मग भागातल्या लोकांनी एक समिती केली आणि तीन रस्ते मिळतात तिथल्या बागेच्या तुकड्यात बाईंचा पुतळा बसवायचं ठरवलं. पंचाईत अशी, की बाईंचा फोटोच नव्हता. शोधाशोध करून एक सापडला, प्रसूतिगृहाच्या सगळ्या मंडळींचा, आणि त्यातही बाई डॉक्टरांच्या खांद्याआड. हनुवटी आणि एक कान तेवढा दिसतोय. शिल्पकाराने त्या हनुवटीवरून उरलेली बाई मनाने रचली.

कार्यक्रमाला चेनमावशीला पहिल्या रांगेत बसवलं होतं. कापड ओढलं, टाळ्या झाल्या. वर एक उंच, सडपातळ स्त्री उभी होती. लांब मान, हातात बाळ, नजर दूर कुठेतरी, चेहऱ्यावर मंद हसू.

"ही कोण?" चेनमावशीने नवऱ्याला विचारलं.

"हळू बोल," नवरा म्हणाला. "तुझी आई आहे."

नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला. दिवसातून दोनदा चहाची किटली घेऊन दुकानात यायचा आणि जिन्याच्या पायरीवर बसून रस्ता बघायचा. त्याला पुतळा आवडला होता. "बरी दिसते की," दुसऱ्या दिवशी दुकानात तो म्हणाला. "निदान हसते तरी."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने चहा ओतायला घेतला.

आता दिवसभर यंत्रावरून मान वर केली की समोर ती परकी बाई. लोक तिच्यापाशी भेटायच्या वेळा ठरवायचे, "बाईंपाशी ये" म्हणायचे, चौथऱ्यावर पिशव्या टेकवायचे. कबुतरांचं काय सांगायचं! आणि एकदा का कुणाला कळलं की समोरची चेनमावशी म्हणजे बाईंची लेक, की तो रस्ता ओलांडून यायचाच.

वाहतूक हवालदार आला, दारात मावेना असा. "आयुष्यात मला पहिला फटका तुमच्या आईने मारला, मावशी," तो म्हणाला. "मी रडतच नव्हतो म्हणे."

"मग आता तुम्ही सगळ्यांना रडवता," ती म्हणाली, आणि त्याच्या बेल्टचं बक्कल बसवून दिलं.

कुणी पायाळू जन्मलेला होता, कुणाच्या गळ्यात नाळेचा वेढा पडलेला. कुणाच्या आजीला बाईंनी दोन शिव्या हासडून खोलीबाहेर काढलं होतं. चेनमावशी चेनचे दात जुळवत "हं, हं" करत ऐकायची. मनात यायचं, या सगळ्यांच्या वाट्याला ती आली, आणि माझ्या वाट्याला तिची पाठ. कुशीवर वळून झोपलेली पाठ.

एक दिवस केस पूर्ण पांढरे झालेली एक बाई नातीचं दप्तर घेऊन आली. दप्तर दिलं, पण निघेना. पुतळ्याकडे बघत म्हणाली, "मला जुळे झाले ना, तेव्हा याच होत्या. पहिला आला, दुसरा काही केल्या येईना. आता संपलं सगळं, असं मला वाटलं होतं."

चेनमावशीने तारीख विचारली. विचारायची गरज नव्हती म्हणा, तिला अंदाज आलाच होता. तारीख तीच निघाली.

"पलीकडे मी होते," चेनमावशी म्हणाली.

त्या बाईला आधी कळलं नाही. मग कळलं तशी ती स्टुलावर बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "मला तर त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, की लेक तिकडे आहे म्हणून. मला शिव्याच घालत होत्या रात्रभर. फक्त एक झालं. माझा दुसरा आला, रडला, तसं त्यांनी त्याला आयाच्या हातात कोंबलं आणि धूम पळाल्या. मी म्हटलं, आता यांना काय झालं? चपलासुद्धा तिथेच राहिल्या, माझ्या खाटेखाली."

चेनमावशीने दप्तर हातात घेतलं आणि ठेवून दिलं. त्या सकाळी आई खोलीत आली ती अनवाणी. ते तिला आठवत होतं, कारण ओल्या पायांचे डाग फरशीवर उमटले होते आणि ती चिडून मनाशी म्हणाली होती, हिला माझ्या खोलीत यायला पाय पुसायचीसुद्धा गरज वाटत नाही.

संध्याकाळी तिने नवऱ्याला हे सांगितलं. त्याने किटली खाली ठेवली. मग म्हणाला, "पण आल्यावर बोलायचं होतं की चार शब्द."

"तेच," ती म्हणाली. "तेच मी म्हणते." पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी मोठं वादळ झालं आणि बागेतलं म्हातारं झाड पुतळ्यावर आडवं झालं. कुणाला लागलं नाही, पण बाईंची मान, बाळ आणि कमरेवरचं सगळं गेलं. चौथऱ्यावर नुसते पाय उरले. पुतळा आतून पोकळ होता हे तेव्हा लोकांना कळलं. त्यावर ताडपत्री गुंडाळली गेली. चेनमावशीने तिची शिवण पाहून नाक मुरडलं. लोक मात्र अजूनही म्हणत, "बाईंच्या पायांपाशी ये."

समितीने नवा पुतळा करायचं ठरवलं आणि या वेळी एका तरुण शिल्पकारिणीला काम दिलं. ती सरळ दुकानात आली. खांद्यावर हत्यारांची कॅनव्हासची पिशवी, तिचा तळ फाटलेला.

"मावशी, आधी ही शिवा, मग मला सांगा. तुमची आई दिसायची कशी?"

"माझ्यासारखी," चेनमावशी म्हणाली. "फक्त रागीट."

पायरीवर बसलेल्या नवऱ्याला चहाचा ठसका लागला. "फक्त?" तो म्हणाला.

शिल्पकारीण हसली नाही. ती चेनमावशीकडे बघतच राहिली. खांदे, दंड, सुई धरलेली बोटं. "मग मावशी, तुम्हीच या ना बसायला," ती म्हणाली.

चेनमावशीने आधी उडवून लावलं. आपण काय नटी आहोत? पण रविवारी गेली. एका गोदामात मातीचे ढीग, तारांचे सांगाडे, ओली फडकी. तिला खोक्यावर बसवलं. रिकाम्या हाताने बसायची सवय नाही, म्हणून तिने शिवायला एक पर्स आणली होती. शिल्पकारिणीने ती काढून घेतली.

"आई बसायच्या कशा?"

"बसायचीच नाही."

"कधीच नाही?"

चेनमावशीने जरा आठवून पाहिलं. मग म्हणाली, "एकाच ठिकाणी. प्रसूतिगृहाच्या मागच्या पायरीवर. बाबा डबा द्यायला मला पाठवायचे, मी लहान होते. आत कुणीतरी कण्हत असायचं आणि ही बाहेर बसलेली."

"बसून दाखवा."

ती बसली. गुडघे फाकवून, कोपरं गुडघ्यांवर, पंजे खाली सोडलेले, मान थोडी दाराकडे वळवलेली. आई अशी बसून आतला आवाज ऐकायची. कळ किती लांबते, मधे किती थांबते, त्यावरून तिला कळायचं, अजून किती वेळ आहे ते. चेनमावशी शाळेतलं काहीतरी सांगायला लागली की आई म्हणायची, "शू. ऐकू दे." तेवढं 'शू' लेकीने जन्मभर जपून ठेवलं होतं. पण आता तसं बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण खोक्याच्या एका कडेला सरकून बसलोय. कुणी सांगितलं नव्हतं. आईच तशी बसायची. 'शू' म्हणता म्हणता ती सरकायची आणि पायरीवर लेकीपुरती जागा करायची. मग एका डब्यात दोघी जेवायच्या. न बोलता.

"मावशी, हलू नका," शिल्पकारीण म्हणाली.

"हलत नाहीये," चेनमावशी म्हणाली. नाकातून पाणी यायला लागलं होतं, पण तिने हात वर नेला नाही.

बसलेल्या पुतळ्याचा नमुना पाहून समितीत खळबळ उडाली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. "पुतळा उभा असतो," ते म्हणाले. "हातात बाळ पाहिजे. असं पायरीवर बसलेलं दाखवलं तर लोक म्हणतील, बाई काम सोडून आराम करतायत."

चेनमावशी सभेत कधी बोललेली नव्हती. ती उठून उभी राहिली. "बाळंतपणात निम्मं काम वाट बघण्याचं असतं," ती म्हणाली. "लोकांना वाटतं, बाळ काढलं की झालं. तुमच्या वेळेलाही ती अशीच बसली असेल, सर. तुम्ही काही घाईने आला नसाल."

सर आयुष्यभर सगळीकडे उशिरा पोचण्याबद्दल प्रसिद्ध होते. सभा हसली, सरही हसले आणि म्हणाले, "बरं, बसू द्या."

नवा पुतळा चौथऱ्यावर नाही, बागेच्या कडेला एका रुंद दगडी पायरीवर बसवला. भाषणं झाली नाहीत. ज्या दिवशी बसवला त्याच दुपारी भाजीची पिशवी घेतलेला एक म्हातारा त्याच्याशेजारी टेकला, घाम पुसला आणि उठून गेला. त्याने पुतळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चेनमावशीला ते फार बरं वाटलं. नवरा पुतळ्याभोवती एक चक्कर मारून आला.

"गुडघे तुझे आहेत," त्याने निकाल दिला. "आणि कपाळावरची आठीसुद्धा."

"आठी आईची आहे."

"हो का? मग तू ती वापरतेस कशाला?"

तिची लेक परगावी असते. ती आली तेव्हा तिला चेनमावशीने जुळ्यांच्या आईची हकिकत सांगितली. लेक म्हणाली, "म्हणजे मी झाले तेव्हा आजी पळत आली होती?" चेनमावशी म्हणाली, "हो. उशिरा आली. पण पळत आली." राग अगदी धुऊन निघाला असं मात्र नाही. अजूनही कधी चेन हट्टाला पेटली की ती पुटपुटते, "चार शब्द बोलली असतीस तर जीभ झडली नसती." नवरा विचारतो, "कुणाशी बोलतेस?" तर ती मान वर न करता समोर बोट दाखवते.

नवी गिऱ्हाइकं येतात. बॅग टेकवतात, एकदा मागे वळून बघतात, पुन्हा तिच्याकडे बघतात आणि जरा चाचरत विचारतात, "मावशी, तो पुतळा तुमचा आहे का?"

"जिवंत माणसाचा पुतळा करतात होय?" ती म्हणते. "आई आहे माझी."

"अगदी तुमच्यासारख्या दिसतात."

"मी तिच्यासारखी दिसते," ती म्हणते, बॅग उलटी करून चेन ओढून बघते, आणि गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगते.