गाडी न थांबणारं स्टेशन

गेल्या वर्षी वडिलांना त्यांच्या गावचं स्टेशन पुन्हा बघायचं होतं. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरून आम्ही मोटारीने गेलो, कारण तिथे आता एकही गाडी थांबत नाही. कॉलेजात असताना ते तिथूनच पॅसेंजरने शहरात, काचीगुड्याला येत.

स्टेशनची प्रगती मात्र डोळे दिपवणारी होती. ग्रॅनाइटची बाकं, थंड पाण्याचं यंत्र आणि गाड्यांच्या वेळा दाखवणारा कोराकरकरीत फलक!

"गाडी कधी आहे?" वडिलांनी उगाचच झाडूवाल्या बाईंना विचारलं.

"गाडी रुकती नै, साब. बैठो आरामसे."

एक एक्सप्रेस धूळ उडवत निघून गेली. वडील चष्मा पुसत म्हणाले, "आमच्या वेळी बसायला बाकडं नव्हतं, पण निदान जाता येत होतं."

मग तासभर आम्ही त्या सोयींचा पुरेपूर लाभ घेतला.