कुमुदबाईंचे सुरवंट

कुमुदबाई रोज सकाळी अंगणातल्या लिंबोणीची पानं ओल्या फडक्यानं पुसायच्या. देवपूजा राहिली तर राहिली, पण पानं पुसल्याशिवाय चहा नाही. लोधिवलीला त्यांच्या शेजारी मी बिऱ्हाड केलं, त्या आठवड्यातच त्यांनी माझ्याही हातात फडकं दिलं. "खालची बाजू राहिली गं. सुरवंट काय तुझ्या सोयीनं खाणार आहेत?"

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाई. संतापल्या की म्हणायच्या, "बाकावर उभं करा त्याला!" मागच्या टेकडीवर खडीचा क्रशर लागला, तेव्हापासून त्यांच्या बाकावर गर्दीच झाली होती.

मला आधी या पानं पुसण्याची गंमत वाटायची. मग बाईंनी मला झाड दाखवलं. क्रशरच्या धुळीनं माखलेल्या पानांना सुरवंट तोंड लावत आणि सोडून देत. जे कसेबसे वाढले त्यांचे कोश चिंचोक्याएवढे. एकातून फुलपाखरू निघालं, पण पंख उलगडलेच नाहीत. ते खाली पडलं, त्याला मुंग्या लागल्या. बाई चप्पल घालून थेट क्रशरवर गेल्या, मी मागोमाग.

मालक त्यांचाच विद्यार्थी. उठून खुर्ची दिली, थंड मागवलं. "बाई, धूळच हाय ना ती? पावसात जाईल धुऊन."

"पावसाला अवकाश आहे रे. त्यांना भूक आज लागलीय. पाणी मारत जा, मशीन झाकून घे."

"बगतो," म्हणाला. काही बघितलं नाही. बाईंनी तक्रार केली तेव्हा प्रदूषण मंडळाचे साहेब हवा मोजायला आले, आणि नेमका त्या दिवशी क्रशर बंद! दुकानाला कुलूप लावून गिऱ्हाइकं मोजण्यातला प्रकार. हवा उत्तम निघाली.

हिवाळ्यात बाईंना खोकल्यानं धरलं. मी दवाखान्यात चला म्हटलं की म्हणत, "मला औषध तरी आहे." होळीच्या आधी त्या गेल्या. "वय झालं होतं," सगळे म्हणाले. वय! धुळीचं नाव घ्यायला एकाचीही जीभ रेटेना. त्यात मीही नुसती रडत बसलेली.

शाळेत शोकसभा झाली. शेवटी मालक बोलायला उठला. अगदी मनापासून बोलत होता तो, म्हणून तर जास्त चीड येते.

"बाईंना फुलपाखरांचा लय नाद. आपन शाळंपुढं त्यांच्या नावानं मोठं फुलपाखरू बांधू, सिमेंटचं. खडी माझ्याकडनं फुकट."

शोकसभेत टाळ्या पडल्या.