वीस वर्षांनंतरचं आमचं गाव

मंजुश्री मॅडमना मी ओळखत होतो, असं म्हणायचा मला हक्क नाही. त्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि संध्याकाळी सोनाळ्याच्या एसटीची वाट पाहत माझ्या दुकानाच्या बाकावर बसायच्या, एवढंच.

देशाचं शिक्षण आणि तंत्रज्ञानाचं धोरण ठरवण्याआधी एक सरकारी पथक गावोगाव विचारत होतं, की वीस वर्षांनी तुमच्याकडे काय चित्र असेल? ज्या गावाला गरज दिसेल, त्याला नवे वर्ग मिळणार होते. मॅडमना गावात सौर पंप दुरुस्तीचा वर्ग हवा होता. त्यांनी घरोघर सांगितलं, "खरं बोला. पाणी खोल चाललं, पोरं पुण्याले चालली, हेच सांगा. तरच काही भेटन."

पण पट घसरला की शाळा बंद होते, ही धास्ती सगळ्यांच्याच मनात. पथकासमोरच्या सभेत गावचे पुढारी दयारामभाऊ उठले. "साहेब, वीस वर्षांनी पोरं दुप्पट, पाणी भरपूर. आमच्या गावाले काहीच कमी नाई!" टाळ्या पडल्या. वर्ग दुसऱ्या गावाला गेला. आठवलं की अजून जीव जळतो.

"शाळा वाचवली ना म्या, मॅडम?" दयारामभाऊंनी नंतर विचारलं.

"कोणासाठी, भाऊ?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी बदली मागितली.

शेवटच्या संध्याकाळी त्या बाकावर बसल्या. मी विचारलं,

"आता पुढं काय, मॅडम?"

"पुढचं नका विचारू, काका. एसटी गेली काय, तेवढं सांगा."

"नाई, येऊनच राह्यली."